पालथी वाडगी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक शेत मनात आणा. लांबीला एवढं, की या टोकाला घातलेला नांगर त्या टोकाला पोचेपर्यंत घोड्याला मध्येच दम खाऊ द्यावा लागतो. रुंदीला एवढं, की तुम्ही त्यात आडवे झोपलात तर डोकं तुमच्या राय नावाच्या धान्यात आणि पाय शेजाऱ्याच्या बटाट्यात. आता अशा वीस-पंचवीस पट्ट्या मनात आणा. एक नदीकाठी, एक जंगलाला लागून, एक चर्चच्या मागं, आणि एक अशा जागी की तिथं गाडी न्यायची तर चौघांची बोलणी खाऊनच जावं लागतं. या सगळ्या मिळून एका घराची जमीन.

आता डोळे उघडा. आमच्या मुलखात, पोलंडच्या या पूर्वेकडच्या सपाट कोपऱ्यात, नारेव नदीच्या अलीकडं, पहिलं महायुद्ध होऊन गेलं तरी शेती अशीच होती. दहा-बारा गावांची मिळून एक ग्मिना. एक कचेरी, एक मोठं चर्च, एक आठवड्याचा बाजार. प्रत्येक गाव म्हणजे एक लांब रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खेटून उभी लाकडी घरं. आज आमच्या ग्मिनेचा नकाशा पाहिलात तर जुने रस्ते दिसतीलच, पण शेतांच्या मधोमध सुटी सुटी, एकटी घरंही दिसतील. वरून कुणीतरी मूठभर वाटाणे फेकावेत तशी. मी मुलांना नेहमी विचारतो, ही घरं गाव सोडून तिकडं का गेली असतील? कुणी म्हणतं भांडण झालं असेल, कुणी म्हणतं त्यांना कुत्री आवडत नसतील. त्यातल्या एका घराची ही गोष्ट आहे.

ओल्शिनी गावात एकत्रीकरण आलं. म्हणजे काय, तर सगळ्यांच्या सगळ्या पट्ट्या एका ढिगात टाकायच्या, मातीची प्रत लावायची, आणि ज्याला त्याला त्याच्या वाट्याची जमीन एका जागी द्यायची. मोजणीदार वसंतात आला, गावकारभाऱ्याच्या घरी राहिला, आणि साखळ्या ओढत सगळा उन्हाळा शिवारात हिंडला. गावाजवळची जमीन सगळ्यांनाच हवी होती. लांबची घेणाऱ्याला थोडी जास्त मिळणार होती, वर घरासाठी सरकारी जंगलातलं लाकूड. गोंताझांच्या घरानं लांबची घेतली.

घरात माणसं चार. म्हातारा कायेतान, त्याचा मुलगा मार्त्सेली, सून रोझालिया आणि नऊ वर्षांची नात तेक्ला. लांबची घ्यायची हे ठरवलं रोझालियानं. तिचं म्हणणं, इथं रस्त्यावर आपली दावणीची गाय दुसऱ्याच्या उंबऱ्यात शेपटी हलवते. तिकडं निदान वळायला जागा मिळेल. कायेतान म्हणाला, तिकडं वळशील, पण बोलशील कुणाशी? तरी त्यानं आडकाठी केली नाही.

आता, घर न्यायचं म्हणजे खरोखरच न्यायचं होतं. युद्धात आघाडी गावावरून गेली तेव्हा ओल्शिनी जळून गेलं होतं. त्यानंतर बाप-लेकानं कुऱ्हाडीनं ओंडके ताशून हे घर उभं केलं होतं. असं घर उतरवता येतं. प्रत्येक ओंडक्यावर कुऱ्हाडीनं खुणा करायच्या, वरून खाली एकेक सुटा करायचा, गाडीवर घालून न्यायचा आणि नव्या जागी त्याच क्रमानं रचायचा. न्यायची नाही ती फक्त चूल. आमच्याकडची चूल म्हणजे मातीचा नि विटांचा अर्ध्या खोलीएवढा डोंगर. त्याच्या पोटात भाकरी भाजायची आणि पाठीवर झोपायचं. ती फोडायची आणि नव्या जागी नव्यानं लिंपायची. तिला माती लागते, आणि मातीला पाणी.

म्हणून रोझालियानं एकच अट घातली. पाणी दिसल्याशिवाय माझ्या घराचा एक ओंडका हलवायचा नाही.

वेळ थोडा होता. गोंताझांची गावातली जागा बोनिफात्सी कुझ्मा नावाच्या माणसाच्या वाट्याला आली होती, आणि तिथं त्याला राय पेरायची होती. आमच्याकडं सप्टेंबरच्या सुरुवातीला पेरणीच्या मेरीचा सण येतो. त्या दिवशी बियाणं चर्चमध्ये नेऊन त्यावर आशीर्वाद घ्यायचा आणि मग पेरायला लागायचं. बोनिफात्सी भला माणूस होता. तो रोज संध्याकाळी कुंपणावर कोपरं टेकून उभा राही आणि म्हणे, "मी मुळीच घाई करत नाही, कायेतान. माझा घोडा तेवढा घाई करतोय."

नवी जमीन म्हणजे वाळू, त्यावर राय आणि बटाटे येतील एवढी माती, कडेला थोडी जुनिपरची झुडपं, आणि उत्तरेला एक जुना रुंद बांध. बांधापलीकडं झारेंबी. तिथं सरदार राहत.

हे सरदार म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. फार पूर्वी कुठल्यातरी राजानं कुठल्यातरी लढाईबद्दल झारेंबांच्या पूर्वजाला जमीन दिली. मग पिढ्यांमागून पिढ्या वाटण्या झाल्या, आणि शेवटी सरदारांची शेतंही आमच्यासारखीच आडवं झोपण्याएवढी उरली. फरक एकच होता. आमच्या पणजोबांना जहागीरदाराच्या शेतावर वेठीला जावं लागायचं, झारेंबांना नाही. वेठ संपूनही सत्तर वर्षं झाली होती, पण बांध तसाच होता. ओल्शिनीची माणसं म्हणत, घरात नाही दाणा आणि मला सरदार म्हणा. झारेंबीची माणसं ओल्शिनीबद्दल काय म्हणत ते मी इथं लिहीत नाही.

बांधाला लागून हिएरोनिम झारेंबा राहत होता. एकटा, पन्नाशीचा, कोपरावर ठिगळं असलेला कोट घालणारा. शेण पसरतानाही हातमोजे घालतो म्हणून ओल्शिनीत त्याची नक्कल करत. कायेतान सबंध आयुष्यात त्याच्याशी एक शब्द बोललेला नव्हता. त्याच्या बापाशीही नाही.

कायेतानला पाणी शोधता येत असे. ओल्शिनीतल्या अर्ध्या विहिरींची जागा त्यानंच दाखवली होती. बाजारात विलो झाडाच्या फांदीनं पाणी दाखवणारा एक जण बसायचा, पण कायेतान त्याला भिकारी म्हणे. त्याची स्वतःची रीत बापाकडून आलेली होती. आकाश निरभ्र असेल अशा संध्याकाळी, बिनझिलईची मातीची वाडगी घ्यायची. ती आधी भाकरीच्या चुलीत ठेवून कोरडी ठणठणीत करायची. जिथं गवत जरा हिरवं दिसतं, जिथं सकाळी धुकं रेंगाळतं, तिथं ती पालथी घालायची. पहाटे उचलायची. ज्याच्या आत जास्त घाम, तिथं पाणी जवळ.

वाडगी आणायचं काम तेक्लाचं होतं. आजोबा सांगतील ते करायला तिला आवडायचं, कारण आजोबा तिला काम देताना मोठ्या माणसाला द्यावं तसं देत. माळ्यावर तिला बाकी सगळी मिळाली, एक कमी पडलं. एका वाडग्यात दही विरजलेलं होतं. तिनं कोठीच्या फळीवरून आणखी एक काढलं, फडक्यानं पुसलं, बाकीच्यांबरोबर चुलीत ठेवलं. संध्याकाळी आजोबा आणि नात नव्या जमिनीवर हिंडले. तो थांबे, पायानं गवत दाबून पाही, आणि म्हणे, इथं. ती पालथं घाली. उत्तरेच्या बांधाकडं मात्र तो गेला नाही. तिकडं का नको असं तिनं विचारल्यावर तो म्हणाला, सरदारांकडून येणारा वारा त्याला मानवत नाही.

पहाटे सगळी उचलली. कुणाच्या आत नुसती ओल, कुणाच्या आत काहीच नाही. एका वाडग्याच्या आत मात्र थेंब लोंबत होते, टपोरे, हलवलं की गळणारे. कायेताननं ते जमिनीच्या थोड्या चढावरच्या भागात ठेवलं होतं. तिथं एवढं पाणी असेल असं त्यालाही वाटलं नव्हतं. त्यानं टोपी काढली, क्रॉसची खूण केली आणि त्या जागी काठी रोवली.

मार्त्सेली खोदायला लागला.

वाळूत विहीर खोदणं हे सोपं वाटतं आणि तसं नसतं. वाळू फावड्याखाली लोण्यासारखी येते, आणि तशीच कडेनं आत घसरते. म्हणून जरा खोदलं की पाण्यात न कुजणाऱ्या आल्डर झाडाच्या लाकडाची चौकट बसवायची, पुन्हा खोदायचं, चौकट खाली ठोकायची, वर दुसरी ठेवायची. वर रहाट. मार्त्सेली आखूड दांड्याच्या फावड्यानं बादली भरी, कायेतान आणि रोझालिया रहाट फिरवून ती वर घेत, आणि तेक्ला ओढून ओतून देई. पहिले दोन-तीन दिवस सगळे हसतखेळत होते. वाळू पिवळी होती, मग पांढरी झाली, मग पुन्हा पिवळी. मार्त्सेलीचा आवाज खालून भोपळ्यातून यावा तसा यायला लागला. रोज सकाळी आधी खालची हवा चांगली आहे का ते बघायला मेणबत्ती दोरीनं खाली सोडत. ती जळत राहिली की मग माणूस.

वाळू कोरडीच होती.

कामाला पाणी लागायचं. गावातून पिंप भरून आणायचं म्हणजे घोडा आणि सकाळ दोन्ही खर्ची पडत. झारेंबांची विहीर मात्र बांधापलीकडंच होती. तिसऱ्या दिवशी रोझालियानं सासरा ऐकणार नाही अशा बेतानं तेक्लाच्या खांद्यावर कावड दिली.

हिएरोनिम दारात बसून घोड्याचं खोगीर शिवत होता, अनवाणी. मुलीला पाहताच तो आत गेला आणि बूट घालून बाहेर आला. तेक्ला म्हणाली, पाणी हवं होतं. तो गप्प उभा राहिला. ती पुन्हा म्हणाली.

"दारात आल्यावर आधी काय म्हणायचं असतं?" त्यानं विचारलं.

"येशूची स्तुती असो."

"युगानुयुगे. आणि?"

आणि काय ते तिला ठाऊक होतं. सगळ्या ओल्शिनीला ठाऊक होतं. ती म्हणाली, "येशूची स्तुती असो, रावसाहेब."

मग त्यानं स्वतः पाणी शेंदून दिलं. बादली वर आली तेव्हा तळाला गाळ होता. त्यानं वरचं निवळ पाणी तिच्या बादल्यांत ओतलं आणि गढूळ उरलं ते आपल्या घोड्याच्या टाकीत. खड्डा किती खोल गेला, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. तो म्हणाला, आजोबांना सांग, आणखी जरा खाली गेलात तर नरकाचं छप्पर लागेल, आणि माझ्या माहितीप्रमाणं तिथं पाणी नसतं. तो हसला नाही, त्यामुळं ही थट्टा होती की माहिती, हे तेक्लाला कळलं नाही.

तिनं ते आजोबांना सांगितलं नाही. रोज दोनदा ती रावसाहेब म्हणत राहिली आणि पाणी आणत राहिली. कायेताननं एकदाही विचारलं नाही की पाणी कुठून येतं. तो ते प्यायचा नाही. घरून आणलेलं ताक प्यायचा.

एक दिवस दुपारी ढग भरून आले. हवा जड झाली, माशा चावायला लागल्या. तेक्ला गाडीच्या सावलीत बटाटे सोलत होती. वाडगी तिथंच गाडीखाली एकावर एक न रचता तशीच पडली होती. दाव्याला बांधलेलं वासरू मान लांबवून त्यातलं एक वाडगं चाटत होतं. चाटून चाटून ते वाडगं घरंगळलं, तर वासरानं दोर ताणून ते पुन्हा गाठलं. शेजारी दुसरी पडली होती त्यांना ते नाक लावी आणि सोडून देई.

तेक्लानं वाडगं उचललं. वासरानं न चाटलेली बाजूही आतून ओली होती. दुसरं उचललं, ते कोरडं. तिसरं कोरडं. पुढचंही. मग तिनं आपलं बोट त्या ओल्या वाडग्यात फिरवलं आणि तोंडात घातलं.

खारट.

कोठीच्या फळीवर डुकराची चरबी ज्यात मिठात मुरवत, ते हे वाडगं. वर्षानुवर्षं मातीनं मीठ प्यालं होतं. पाऊस येणार असला की फळीवरचं मीठ घामेजतं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. तेक्लाची आई तर आकाशाकडं न बघता मिठाकडं बघून वाळवण आत घ्यायची. हे वाडगं कुठंही पालथं घातलं असतं तरी त्याला घाम आला असता. चर्चच्या घंटेवर ठेवलं असतं तरी.

आता तेक्लाला काय करायला हवं होतं, ते तुम्ही मला लगेच सांगाल. तिलाही लगेच कळलं होतं. पण खाली बाप होता, रहाटावर आजोबा होते. आणि मधल्या इतक्या दिवसांत एवढा मोठा खड्डा झाला होता, की त्याच्यापुढं तोंड उघडणं तिला जमेना. तिनं वाडगं उपडं करून ठेवलं. त्या दिवशी ती बोलली नाही. रात्री पाऊस पडला, आणि दुसऱ्या दिवशीही ती बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकटीमागची ओली वाळू सुटली. आवाज असा काही झालाच नाही. पोत्यातून पीठ सांडावं तेवढाच. कायेताननं खाली हाक मारली तर उत्तर आलं नाही, मग आलं. मार्त्सेली कमरेपर्यंत गाडला गेला होता. एक फळी त्याच्या खांद्यावर तिरपी पडली होती. रोझालियानं रहाटाचा दोर सोडून खाली टाकला. त्यानं तो काखेखालून बांधला आणि एका हातानं पायाभोवतीची वाळू उपसत राहिला. वरून ते दोघं ताण धरून उभे होते. तेक्ला आईचा पदर धरावा तसा दोराचा उरलेला शेवट धरून उभी होती. मार्त्सेली वर आला तेव्हा त्याच्या केसांत, कानांत, पापण्यांवर वाळू होती आणि त्याचा एक बूट खालीच राहिला होता. तो गवतावर बसला आणि त्यानं पाणी मागितलं. प्यायला, आणि म्हणाला की उद्या सकाळी आधी ती फळी नीट बसवली पाहिजे.

रोझालिया म्हणाली, उद्या कुणी खाली जायचं नाही.

"मग पेरणीच्या सणाला बोनिफात्सीला काय सांगू? माझ्या घरावरून नांगर फिरव म्हणून?" मार्त्सेली म्हणाला.

सकाळी तो उतरलाच. तेक्ला झारेंबांकडून पाणी घेऊन आली तेव्हा खालून फळी ठोकण्याचा आवाज येत होता. आई गावात गेली होती. कायेतान एकटा रहाटाशी उभा होता. तिनं कावड खाली ठेवली, गाडीखालून ते वाडगं काढलं आणि आजोबांसमोर धरलं.

"आजोबा, हे मिठाचं आहे."

त्याला आधी कळलं नाही. मग तिनं सांगितलं, कुठून काढलं ते, वासरू काय करत होतं ते, आणि हे आपल्याला परवापासून माहीत आहे तेही. कायेताननं वाडगं हातात घेतलं. उजेडाकडं धरून पाहिलं. मग जिभेनं आतली कड चाटली. खालून मार्त्सेलीनं दोर हलवला, बादली भरल्याची खूण. कायेताननं वाडगं गवतावर ठेवलं, रहाट फिरवला, बादली वर घेतली, ओतली, परत सोडली. तेक्लाला वाटलं, आजोबा आता काहीच सांगणार नाहीत. ओल्शिनीतल्या अर्ध्या विहिरी त्यांच्या होत्या. वाळूनं हरवलं एवढंच म्हणायचं, कुणाला काय कळणार होतं?

दुसरी बादली भरली. या वेळी त्यानं ती वर घेतली नाही. तो कठड्यावर वाकला.

"मार्त्सेली, वर ये."

"का?"

"वर ये. इथं पाणी नाही."

वर आल्यावर मुलाला त्यानं जे सांगितलं त्यात तेक्लाचं नाव एकदाच आलं, आणि तेही वाडगी आणणारी म्हणून. तो म्हणाला, "माझा बाप प्रत्येक वाडगं आधी जिभेला लावायचा. मला वाटायचं, म्हाताऱ्याची खोड आहे. मी लावलं नाही."

मार्त्सेलीनं काठावर बसून केसांतली वाळू झटकली. मग म्हणाला, "म्हणजे मी काल मिठापायी मरत होतो." तो उठून झुडपांकडं चालत गेला आणि दुपारपर्यंत परत आला नाही. जेवतानाही तो लेकीशी बोलला नाही. रोझालियाला कळलं तेव्हा तिनं तेक्लाच्या पाठीत एक धपाटा घातला, तो परवापासून गप्प राहिल्याबद्दल. वाडग्याबद्दल ती एवढंच म्हणाली, की मीठ घरातलं, चूकही घरातली. खड्डा बुजवायला तीन माणसांचा दीड दिवस गेला. खोदलेली वाळू बुजवताना नेहमी कमी पडते, ती का, ते मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

आणि मग पुन्हा वाडगी. या वेळी चुलीत ठेवण्याआधी कायेताननं गावातल्या घराच्या अंगणात एकेक वाडगं चाटलं. बोनिफात्सी त्या वेळी सहज म्हणून आला होता. कुंपणावर कोपरं टेकून त्यानं हे पाहिलं आणि घरी जाऊन सांगितलं की गोंताझांकडं आता भांडी घासायला पाणीच उरलेलं नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळं गाव हसत होतं. कायेताननं ऐकलं आणि पुढचं वाडगं चाटलं.

जागा दाखवताना तो पुन्हा दक्षिणेकडं वळला, तेव्हा रोझालिया आडवी आली.

"मामंजी, जमिनीचा उतार तिकडं आहे. पाण्याला सरदार आणि कुळवाडी कळत नाही."

शेवटचं वाडगं तिनं स्वतः उत्तरेच्या बांधावर नेऊन पालथं घातलं. नीट मधोमध.

पहाटे बाकी सगळ्यांत ओल होती. त्या एकात थेंब होते. कायेताननं ते चाटलं. गोडं पाणी. त्यानं ते पुन्हा चाटलं, जणू मीठ असतं तर बरं झालं असतं.

कारण बांध अर्धा झारेंबांचा होता. एकत्रीकरण ओल्शिनीचं झालं होतं, झारेंबीचं नाही, आणि मोजणीदारानं जुन्या बांधाच्या बरोब्बर मध्यावरून रेघ ओढली होती. विहीर खोदायची तर हिएरोनिम झारेंबानं हो म्हणायला हवं होतं. रोझालिया म्हणाली, मी जाते. मार्त्सेली म्हणाला, मी जातो. कायेतान रविवारचा कोट घालायला लागला, आणि तेक्लाला म्हणाला, चल.

हिएरोनिमनं त्यांना लांबूनच येताना पाहिलं असावं. ते फाटकाशी पोचले तेव्हा तो बूट घालून, कोटाची बटणं लावून उभा होता. घाईत एक बटण चुकलेलं होतं. कायेताननं टोपी काढली.

"येशूची स्तुती असो."

"युगानुयुगे," हिएरोनिम म्हणाला, आणि थांबला.

कायेतानही थांबला. त्याचे ओठ हलले, पण पुढचा शब्द आला नाही. पुन्हा हलले. पुढं काय म्हणायचं ते तेक्लाला पाठ होतं, ती हळूच म्हणूही शकली असती. पण आजोबांऐवजी म्हटलेलं इथं चालणार नाही, हे तिला कळत होतं. हिएरोनिमची नजर तिच्याकडं गेली, तिच्या खांद्यावर कावडीनं पडलेल्या लाल वळाकडं गेली, मग म्हाताऱ्याच्या हातातल्या टोपीकडं.

"ऊन आहे," तो म्हणाला. "टोपी घाला."

मग कायेताननं बांधाचं सांगितलं. हिएरोनिम ऐकत राहिला. त्याच्या स्वतःच्या विहिरीत गाळ यायला लागला होता, हे त्यानं सांगितलं नाही, पण तेक्लाला माहीत होतं. तो म्हणाला, चला, जागा बघू.

बांधावर तिघं आले. मार्त्सेली आणि रोझालिया फावडी घेऊन आधीच तिथं उभे होते. हिएरोनिमनं रेघ कुठून जाते ते पाहिलं, मोजणीदाराच्या दोन खुंट्यांमध्ये डोळा लावून. तो म्हणाला की विहीर होऊ दे, लाकूड अर्धं मी देतो, खोदायलाही येतो, पण ती बरोब्बर रेघेवर झाली पाहिजे. एक बोटही इकडं नको. पूर्वजांनी दिलेली जमीन आहे.

"मग तिकडं एक बोट जाऊ दे," कायेतान म्हणाला. "मला काय करायचंय तुमच्या पूर्वजांचं बोट."

"तिकडं म्हणजे तुमच्याकडं? म्हणजे उद्या तुम्ही म्हणणार विहीर आमची."

"चौकट चौकोनी असते. ती रेघेवर बसवायची तर आधी रेघेची जाडी सांगा."

"रेघेला जाडी नसते."

"मग खुंट्या एवढ्या जाड का ठोकल्या?"

मार्त्सेलीनं फावडं जमिनीत रोवलं आणि त्याच्या दांड्यावर हनुवटी टेकली. लेकीकडं बघून, कितीतरी दिवसांनी, तो किंचित हसला. पुढं त्या जागी पाणी लागलं, पेरणीच्या सणानंतर पण बर्फाआधी, आणि बोनिफात्सीच्या घोड्यानं तेवढे दिवस वाट पाहिली. पण त्या सकाळी हे कुणालाच माहीत नव्हतं. कायेतान आणि हिएरोनिम खुंटीवर बोट ठेवून वाकले होते आणि ऊन चढत होतं.

तेक्ला त्यांच्या मध्ये गेली आणि जिथं वाडगं पालथं होतं तिथं गुडघ्यांवर बसली. तिनं दोन्ही हातांनी गवताचं एक ढेकूळ मुळासकट उपटलं आणि आजोबांच्या बाजूला टाकलं. मग दुसरं उपटलं, आणि ते रावसाहेबांच्या बाजूला टाकलं. मग तिसऱ्याला हात घातला.